लेकीला आधी सांगावे

पोर हायस्कुलात जाऊ लागली की घरची माणसे तिला चार गोष्टी सांगतात. रस्त्याच्या कडेने चाल. एसटी चुकवू नको. डबा खा. पैसे जपून ठेव. एवढे सांगितले म्हणजे आईबापांना वाटते, आपले काम झाले. पण पाचवी एक गोष्ट राहून जाते. तिच्या अंगात आता काय बदल होणार, तो कशाने होतो, आणि झाला म्हणजे काय करावे, हे तिला कोणी सांगत नाही.

मग एक दिवस कपड्याला रक्त लागते. पोर घाबरते. तिला वाटते, आपल्याला काही लागलं, का काही रोग झाला? ती कुणाला विचारत नाही. आईला कळते तेव्हा आई दोनच वाक्ये बोलते. “आता तू शहाणी झालीस. कुठं शिवू नकोस.” झाले शिक्षण!

आईला तरी बोल कसा लावावा? तिला तिच्या आईने एवढेच सांगितले होते. जे आपल्यापाशी नाही ते लेकीला कुठून द्यायचे?

आता शाळेत हा विषय आला आहे. २०१८ साली महाराष्ट्रात दहावीचे विज्ञानाचे नवे पुस्तक निघाले. त्याच्या दुसऱ्या भागात बाईच्या आणि पुरुषाच्या जननसंस्थेचा धडा चित्रांसह दिला. जननसंस्था म्हणजे मूल जन्माला घालण्यासाठी शरीरात असलेले अवयव. हे चांगले झाले. पण पाळी काही दहावीची वाट पाहत नाही. ती बहुधा अकराव्या ते पंधराव्या वर्षाच्या दरम्यान येते. शिवाय काही वर्गांत हा धडा आला की “घरी वाचून या” असे म्हणून पान उलटतात. घरी तो कोणी समजावून देत नाही. म्हणून हा धडा आधी आपण मोठ्यांनी शिकू. मग मुलांना सांगू.

न कळण्याची किंमत

कोणी म्हणेल, “आमच्या आजीला कुठं हे ठाऊक होतं? तिचं काही अडलं का?” अडले होते. पण ती बोलली नाही, म्हणून आपल्याला कळले नाही.

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग हे डॉक्टर जोडपे काम करते. त्यांनी दोन गावांतल्या ६५० बाया तपासल्या. त्याचा अहवाल १९८९ साली छापून आला. शंभरातल्या ९२ बायांना जननसंस्थेचा काही ना काही आजार निघाला. आणि याआधी अशी तपासणी झालेल्या बाया शंभरात फक्त ८ होत्या. म्हणजे दुखणे घरोघर होते. बोलणे मात्र कुठेच नव्हते. लाजेपायी बाया अंगावर काढत होत्या.

दुसरी गोष्ट बीड जिल्ह्याची. तिथून हजारो कुटुंबे दरसाल ऊसतोडीला जातात. कामाला एक दिवस गेले नाही तर खाडा पडतो, पैसे कापले जातात. पाळीत पोट दुखले तरी बाईला सुट्टी नाही. तिथल्या पुष्कळ बायांनी गर्भपिशवी काढून टाकल्याचा बोभाटा झाला. २०१९ साली शासनाने समिती नेमली. ८२,३०९ बायांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. “पिशवी ठेवलीस तर कॅन्सर होईल,” अशी भीती आपल्याला घातली, असे कित्येकींनी सांगितले.

पिशवी काय काम करते, हे ज्या बाईला ठाऊक आहे ती डॉक्टरला उलटा प्रश्न विचारते. “का काढायची? औषधानं बरं होणार नाही का? दुसऱ्या डॉक्टरला दाखवू का?” जिला ठाऊक नाही ती अंगठा देते. म्हणून हे ज्ञान लाजेचे नाही. ते गरजेचे आहे.

पोटातली रचना

आता आपण ही रचना नीट पाहू. बाईच्या ओटीपोटात पुढच्या बाजूला लघवीची पिशवी असते. मागच्या बाजूला मळाचे आतडे असते. या दोघांच्या मधे गर्भपिशवी असते. पुस्तकात तिला गर्भाशय म्हणतात. ती उलट्या टांगलेल्या लहान पेरूसारखी असते. लांबी सुमारे चार बोटे. एवढीशी ही पिशवी पोटातल्या बाळाबरोबर वाढते आणि बाळंतपणानंतर पुन्हा लहान होते.

पिशवीच्या दोन बाजूंना दोन अंडाशये असतात. एकेक अंडाशय टरफलासकट बदामाएवढे असते. त्यांत बारीक अंडी असतात. पोर जन्माला येते तेव्हाच लाखो कच्ची अंडी तिच्या पोटात असतात. साऱ्या आयुष्यात त्यांतली चारशेच्या आसपास पिकून बाहेर पडतात. एक अंडे केवढे असते? दहा अंडी एका ओळीत ठेवली तर एक मिलिमीटर भरेल.

अंडाशयापासून पिशवीपर्यंत दोन्ही बाजूंना एकेक नळी असते. ती अर्ध्या वितीएवढी असते. हिला गर्भनलिका म्हणतात. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेत याच नळ्या बंद करतात. पिशवी आणि अंडाशये जागच्या जागी राहतात. म्हणून त्या शस्त्रक्रियेनंतरही पाळी येतच राहते.

पिशवीचे तोंड खाली असते. तिथून बाहेर येणाऱ्या वाटेला योनिमार्ग म्हणतात. पाळीचे रक्त याच वाटेने येते. बाळही याच वाटेने येते. लघवीची वाट निराळी आणि शौचाची वाट निराळी. अशा तीन वाटा आहेत. बऱ्याच बायांनाही हे ठाऊक नसते.

योनिमार्गाच्या तोंडाशी पातळ कातडीचा पडदा असतो. तो कुणाचा कसा, कुणाचा कसा असतो. खेळताना, उड्या मारतानाही तो ताणला जातो किंवा फाटतो. लग्नाच्या रात्री रक्त आले नाही, म्हणून मुलीच्या वागण्यावर संशय घेणे हा शुद्ध अन्याय आहे. पडद्यावरून असे काहीही कळत नाही.

महिन्याचा फेरा

पाहुणा येणार असला की आपण घर सारवतो. अंथरूण घालतो. पाहुणा आला तर तो त्यावर विसावतो. नाही आला तर अंथरूण काढून ठेवतो. पिशवीत दर महिन्याला असेच घडते.

शरीर रक्तातून निरोप पाठवते. या निरोप्यांना पुस्तकात संप्रेरके म्हणतात. त्यांच्या निरोपाने एक अंडे पिकू लागते. त्याच वेळी पिशवीच्या आतले अस्तर जाड आणि मऊ होते. पुढची पाळी यायच्या सुमारे चौदा दिवस आधी अंडे बाहेर पडते आणि नळीत शिरते. ते एखादा दिवसच टिकते. या वेळी पुरुषाचे बीज त्याला मिळाले तर गर्भ धरतो. तो गर्भ पिशवीच्या अस्तरात रुजतो. मग पाळी थांबते.

बीज मिळाले नाही, तर त्या अस्तराचे काम उरत नाही. ते सुटते आणि थोड्या रक्ताबरोबर बाहेर पडते. हीच पाळी. पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत साधारण २८ दिवस होतात. कुणाचे २१, कुणाचे ३५. दोन्ही ठीक. रक्त दोन ते सात दिवस जाते. ते पाहून पोरीला वाटते, घागरभर गेले. खरे म्हणजे एका पाळीत चहाच्या चमच्याने सहा ते आठ चमचे रक्त जाते.

पहिली एक-दोन वर्षे पाळी मागेपुढे होते. शरीराची घडी बसायला वेळ लागतो. पंचेचाळीस ते पंचावन्नच्या दरम्यान केव्हातरी ती कायमची थांबते.

बाळाचे दिवस आपल्याकडे नऊ महिने नऊ दिवस धरतात. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजतात. दोन्ही हिशेब जवळजवळ एकच येतात. पण त्यासाठी पाळीची तारीख ठाऊक पाहिजे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दर महिन्याला एक खूण करायला लेकीला शिकवावे. साक्षर झाल्याचा हाही एक उपयोग आहे!

बी दोघांचे

आपल्याकडे जुनी समजूत आहे. पुरुष बी पेरतो आणि बाई नुसती जमीन. ही समजूत खोटी ठरली आहे. १८२७ साली कार्ल बेअर नावाच्या शास्त्रज्ञाने कुत्रीच्या अंडाशयात अंडे पाहिले. जिच्या पोटात पिल्लू वाढते तिचेही स्वतःचे बी असते, हे तेव्हा डोळ्यांना दिसले.

भोपळ्याच्या वेलीकडे पाहा. तिच्यावर दोन तऱ्हेची फुले येतात. एका फुलाला नुसता लांब देठ. दुसऱ्याच्या बुडाशी बारका भोपळा. पहिले नर, दुसरे मादी. नर फुलातला पराग मादी फुलावर पडला तरच तो भोपळा धरतो. नाहीतर पिवळा पडून गळतो. माणसातही मूल होण्याला दोघांचा सारखा वाटा लागतो. मग मूल झाले नाही तर एकट्या बाईला दोष का? तपासणी दोघांची व्हावी.

मुलगा होणार की मुलगी, हे कशावर ठरते? बाईच्या अंड्यात नेहमी एक्स नावाचे गुणसूत्र असते. पुरुषाच्या काही बीजांत एक्स असते, काहींत वाय. एक्सवाले बीज मिळाले तर मुलगी, वायवाले मिळाले तर मुलगा. म्हणजे हे पुरुषाच्या बीजावर ठरते. तेही त्याच्या हातात नसते. तेव्हा मुली झाल्या म्हणून सुनेला टाकून बोलणाऱ्या सासूने हा धडा दोनदा वाचावा. पोटातले मूल मुलगा की मुलगी हे पाहण्यावर बंदी घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. साऱ्या देशासाठी असा कायदा १९९४ साली झाला.

विटाळ कशाचा?

पाळीला आपण ‘कावळा शिवला’ म्हणतो. बाईला तीन दिवस बाहेर बसवतो. लोणच्याला हात लावू देत नाही. पण जे अस्तर गर्भाला जागा देण्यासाठी तयार झाले तेच बाहेर येते. त्यात घाण ती कसली? गर्भ राहिला असता तर तुम्ही आम्ही सारे त्याच अस्तरात रुजलो असतो. तसे रुजलो, म्हणूनच आज हे पान वाचतो आहोत.

पाळीच्या दिवसांत दवाखान्यातली नर्स इंजेक्शन देते. एसटीतली कंडक्टरबाई तिकीट फाडते. त्याने इंजेक्शन नासत नाही आणि एसटीही अडत नाही. लोणचे नासते ते ओल्या हाताने आणि कमी मिठाने.

पाळीत रोज अंघोळ करावी. पॅड चार ते सहा तासांनी बदलावा. कापड वापरत असाल तर ते सुती आणि स्वच्छ असावे. साबणाने धुवावे आणि उन्हात वाळवावे. पुष्कळ घरांत ते लाजेने अंधारात, ओल्या कपड्याखाली वाळत घालतात. ते नीट वाळत नाही. त्यातून खाज आणि रोग येतात. ऊन फुकट मिळते. ते घ्यावे.

पोट दुखले तर गरम पाण्याच्या पिशवीने शेकावे. हिंडण्याफिरण्याला, खेळायला बंदी नाही. रक्त वाढावे म्हणून पालेभाजी, मटकी, हरभरा, नाचणी खावी. वर लिंबू पिळावे. जेवणाबरोबर चहा घेऊ नये. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते. ती पोरीने टाकून देऊ नये.

डॉक्टरकडे केव्हा जावे? वयाच्या आठ वर्षांआधीच वयात येण्याच्या खुणा दिसू लागल्या तर. सोळा वर्षे होऊनही आली नाही तर. रक्त सात दिवसांपेक्षा जास्त गेले, मोठ्या गाठी पडल्या, किंवा तासातासाला पॅड भिजू लागला तर. दुखण्याने शाळा बुडू लागली तर. अंगावरून जाणाऱ्या पाण्याला घाण वास येऊ लागला, खाज सुटली तर. थोडे पांढरे पाणी जाणे हा मात्र रोग नाही. त्यासाठी पिशवी काढायची गरज नसते. पिशवीबरोबर अंडाशयेही काढली, तर तरुणपणीच हाडे ठिसूळ होऊ लागतात.

पोरे बिघडतील का?

आमच्या वर्गात बापमंडळी हा प्रश्न हमखास विचारतात. “असलं शिकवलं तर पोरं बिघडणार नाहीत का?” ही भीती जुनी आहे. २००७ साली अशा एका अभ्यासक्रमावर महाराष्ट्रासह अनेक राज्यांत बंदी आली होती. त्याच्याही पुष्कळ आधी, १९२७ साली, रघुनाथ धोंडो कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ नावाचे मराठी मासिक काढले. शरीराच्या या गोष्टी त्यात ते सरळ लिहीत. लोकांनी शिव्या दिल्या. खटले झाले. १९३४ साली त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तेव्हा हे बाहेरून आलेले खूळ आहे असे कोणी म्हणू नये. ते आपल्याच माणसांनी सोसून मांडलेले आहे.

आणि खरे सांगायचे तर आपण न शिकवले म्हणून पोरे न शिकलेली राहत नाहीत. हातातल्या मोबाइलवर त्यांना भलतेच शिकायला मिळते. ते चांगले, का आईबापांनी आणि बाईंनी नीट सांगितलेले चांगले?

आणखी एक गोष्ट. एखाद्या माणसाने मुलीला किंवा मुलाला नको तिथे हात लावला, तर ते सांगायला लेकराकडे शब्द हवा. ज्या जागेचे नावच घरात काढायचे नाही, तिथले दुःख लेकरू कसे सांगणार? अशा माणसाला शिक्षा देणारा कायदा २०१२ साली झाला आहे. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा फोन नंबर आहे. तो लेकरांना पाठ असू द्यावा.

पाळी आली म्हणजे पोर लग्नाला आली, असेही कोणी समजू नये. पाळी ही सुरुवात आहे. कमरेची हाडे पुरती वाढायला अजून वर्षे लागतात. कोवळ्या वयातले बाळंतपण आईला आणि बाळाला दोघांनाही धोक्याचे असते. कायद्याने मुलीला अठरा वर्षे पुरी व्हावी लागतात. तरीही २०१९ ते २०२१ च्या सरकारी पाहणीत, महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या बायांपैकी शंभरात सुमारे बावीस जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले.

शाळेत कसे शिकवावे?

गावाने शाळेकडे मागणी करावी. पालकांच्या सभेत बोलावे. पाचवी-सहावीतच मुलींना पाळीची माहिती मिळावी. ती शिक्षिकेने किंवा आरोग्यसेविकेने द्यावी. फळ्यावर चित्र काढून द्यावी. नावे सरळ घ्यावीत. मोठ्याने विचारायला पोरी लाजतात. म्हणून एक डबा ठेवावा. पोरींनी चिठ्ठीवर प्रश्न लिहावा, नाव लिहू नये. बाईंनी एकेक चिठ्ठी वाचून उत्तर द्यावे.

मुलग्यांनाही हा धडा हवा. ज्या पोराला पाळी म्हणजे काय ते कळले आहे, तो वर्गातल्या पोरीच्या कपड्यावरचा डाग पाहून हसणार नाही. उद्या तोच नवरा होईल, बाप होईल. कदाचित मुकादमही होईल.

आणि नुसता धडा पुरत नाही. शाळेच्या संडासाला आतून कडी हवी. आत पाणी हवे. वापरलेले पॅड टाकायला झाकणाचा डबा हवा. या तीन गोष्टी नसतील तर पोर महिन्याला तीन-चार दिवस घरी बसते. वर्षाचा हिशेब करा. महिनाभराहून जास्त शाळा बुडते. मग नापास झाली की आपण म्हणतो, पोरीला डोकं नाही!

एवढे लक्षात ठेवा

पाळी हा रोग नाही, विटाळही नाही.

मूल होण्यात दोघांचा वाटा सारखा. मुलगा की मुलगी, हे बाईच्या अंड्यावर ठरत नाही.

दुखणे अंगावर काढू नये. पिशवी काढण्याआधी दुसऱ्या डॉक्टरला विचारावे.

लेकीला पहिल्या पाळीच्या आधी सांगावे. लेकालाही सांगावे.

कसे सांगायचे, कुठून सुरू करायचे, असा विचार पडला तर हे पुस्तक तिच्या हाती द्या आणि म्हणा, “बाळ, मला हे मोठ्यानं वाचून दाखव.” ती वाचेल. तुम्ही ऐका. मधे अडली तर दोघी मिळून शब्द लावा. बोलणे आपोआप सुरू होईल.